केबिनवाल्याच्या पोराची मुलाखत

कांताचं लग्न झालं ते साल अठ्ठावन्न. फाल्गुनात पंजाबरावांनी दुर्गच्या रेल्वे क्वार्टरसमोर मांडव घातला, थोरली लेक कुम्हारीला दिली, आणि मांडवाचे बांबू परत जायच्या आधीच तुळसाबाईंनी दुसरा विषय काढला.

“एका लेकराचं झालं. आता देवीदासचं पाहा. दिवाईले तुमची नोकरी सरते. हे घर रेल्वे परत घेते. मंग आपन कुठं जाचं? साकोलीले, तुमच्या भावाईच्या त्या घरात? तिथं पाय पसराले जागा नाही, आन् जावा तोंड पसरून बसल्या हायेत.”

“पाहू,” पंजाबराव म्हणाले.

पंजाबराव दुर्गच्या पूर्वेकडच्या केबिनीत लीवर ओढत. ज्याच्या हाताखाली गाड्या रूळ बदलतात, तो माणूस घरी जास्त बोलत नाही. त्यांच्या ‘पाहू’ला फार वजन होतं, पण त्या ‘पाहू’वर छप्पर उभं राहत नाही हे तुळसाबाईंना ठाऊक होतं.

तसं पाहण्यासारखं पुष्कळ होतं. पूर्वेला भिलाईच्या माळावर कालपर्यंत कोदो आणि धान पिकत होतं, तिथं आता लोखंडाचे उंच सांगाडे उभे राहत होते. दिवसरात्र मालगाड्या तिकडे जात. रशियातून साहेब आले होते. कारखान्यात नोकरी लागली की पक्कं क्वार्टर मिळे, नळासकट. आणि देवीदास तर नागपूरला मामाकडे राहून बी.ए. झालेला. सगळ्या रेल्वे कॉलनीत तो एकटाच बी.ए.

म्हणजे घरादाराचं छप्पर देवीदासच्या जिभेवर टेकलेलं होतं. जीभ चांगली होती. पण ती मनाच्या सांगण्यावरून हलते, आणि देवीदासचं मन कधी घरी नसायचंच.

मुलगा गुणी होता, कुणाला उलटून बोलत नसे. फक्त निघून जाई. शरीर इथंच राही आणि तो निघून जाई. घासलेट आणायला पाठवलं तर रिकामा डबा घेऊन परत यायचा आणि सांगायचा, “माय, शिवनाथी नदीवर ढग असे उतरले होते का जसे बैल पानी प्याले येतात.” भाताजवळ बसवलं तर भात करपायचा आणि त्याला वासही येत नसे. धाकटी बहीण रत्नमाला म्हणायची, “दादाले पत्ता टाकून बोलवा लागते.”

रायपूरला एका कचेरीत पहिली मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, “वडील काय करतात?” त्या वेळी वरच्या झरोक्यात पाखरं बसली होती. देवीदास त्यांच्याबरोबर उडून बराच लांब गेला होता. साहेबांनी पुन्हा आवाज चढवून विचारलं तेव्हा तो दचकला आणि म्हणाला, “कबुतरं, साहेब.”

ती मुलाखत तिथंच संपली.

भिलाईच्या कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हा पंजाबरावांनी दोन दिवस विचार केला. मग जेवता जेवता म्हणाले, “झोपलेल्या मानसाले उठवता येते. जागेपनी गेलेल्याले कुठून आनाचं?”

“तुमीच सांगा,” तुळसाबाई म्हणाल्या.

“सांगतो. आमच्या केबिनीत मन भटकलं तं गाडीवर गाडी चढते. म्हनून रेल्वेनं उपाय करून ठेवला हाय. स्टेशन मास्तर फोनवर हुकूम देते. केबिनवाला तो हुकूम आधी जसाच्या तसा परत म्हनते. शब्द इकडचा तिकडं नाही. मंग मास्तर नंबर देते. तो नंबर लिहून घेतला का मंग लीवर ओढाचा. नंबराशिवाय लीवरले हात नाही लावाचा, मंग देव का येईना समोर.” त्यांनी ताक पिऊन वाटी खाली ठेवली. “परत म्हनाचं असलं का मानसाले आयकाच लागते. देवीदास, उद्यापासून तुले कोनी काही म्हटलं का आधी परत म्हन. मंग जबाब दे.”

“हो बाबा.”

“परत म्हन.”

“उद्यापासून मले कोनी काही म्हटलं का आधी परत म्हनाचं, मंग जबाब द्याचा. हो बाबा.”

“नंबर सत्तावीस,” पंजाबराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मुलाकडे बघून हसले.

त्या दिवसापासून त्या घरात बोलण्याची पंचाईत झाली. तुळसाबाई चुलीपुढून विचारत, “देवीदास, पोया वाढू काय?”

“देवीदास, पोया वाढू काय. हो माय, वाढ.” आणि तो ताट पुढे न ओढता तसाच बसे. मग तुळसाबाईंच्या ध्यानात येई. “घे रे बाबू, नंबर बारा.” तेव्हा घास तोंडात जाई.

रत्नमालेला तर घरबसल्या नाटक मिळालं. ती येता जाता म्हणायची, “माया दादा बी.ए. बैल हाय.” देवीदास गंभीरपणे म्हणायचा, “माया दादा बी.ए. बैल हाय. असं नाही म्हनू, रत्ना.” ती पोट धरून लोळायची.

शेजारी भाऊराव गार्ड राहत. साहेब लोकांना त्यांनी पुष्कळ वेळा गाडीतून नेलं होतं, त्यामुळे साहेब लोकांच्या मनातलं आपल्याला कळतं असं त्यांना वाटे. एक दिवस परीक्षा घ्यायला ते मुद्दाम गार्डाचा कोट घालून आले, खाटेवर पाय ठेवून बसले.

“हां, मिस्टर! तुमी बी.ए. कावून केलं?”

“हां मिस्टर, तुमी बी.ए. कावून केलं. साहेब, मले इतिहासाची आवड होती.”

“अकबराच्या बापाचं नाव काय?”

“अकबराच्या बापाचं नाव काय. हुमायून, साहेब.”

भाऊराव चकित झाले. “पंजाबराव, पोरगं जागं झालं ना बे! एकबी सवाल हुकला नाही. पन हे परत म्हननं साहेबाले चालन काय?”

“मोठा साहेब असन तं खूश होईन,” पंजाबराव म्हणाले. “आपला हुकूम समोरच्यानं बरोबर आयकला, याच्याहून साहेबाले काय पायजे?”

हे भाऊरावांना पटलं. रेल्वेच्या माणसाला न पटायला कारणच नव्हतं.

मुलाखत वैशाखात होती. बांधून होत असलेल्या भट्टीजवळ पत्र्याची एक लांब शेड, तिच्यात पंखा, पंख्याखाली टेबल. देवीदास गेले कित्येक दिवस मनातल्या मनात याच टेबलाच्या पलीकडे बसत होता. त्याच्या कल्पनेत त्याचं टेबल खिडकीपाशी होतं. खिडकीतून माळ दिसे, माळावर सावल्या सरकत, आणि महिना संपला की पगार होई. एवढीच त्याची नोकरीची कल्पना.

टेबलामागे पांढऱ्या मिशांचे मोठे साहेब बसले होते. त्यांच्या शेजारी एक आडव्या बांध्याचा रशियन साहेब, मानेवर ओला टॉवेल टाकलेला, चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झालेला. त्याच्या खुर्चीमागे दिल्लीकडचा एक तरुण दुभाषी उभा होता. मोठे साहेब इंग्रजीत बोलत, दुभाषी ते रशियनमध्ये सांगे. सकाळपासून सांगून सांगून त्याचा घसा सुकला होता आणि डोकं बंद पडलं होतं. कानावर पडेल ते तो तोंडातून पलीकडे सोडून देत होता.

“तुमचं नाव काय?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

बाबांची केबिन, बाबांचा फोन, सगळं आठवून देवीदास स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, “तुमचं नाव काय? माझं नाव देवीदास.”

दुभाष्याने ते जसंच्या तसं रशियनमध्ये सोडलं. रशियन साहेबाने टॉवेल खाली केला. सकाळपासून आलेल्या उमेदवारांपैकी कुणी त्याच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. हा मुलगा मात्र आधी नाव विचारतो आणि मग स्वतःचं सांगतो. रीत तर हीच. तो उठला, टेबलावरून हात पुढे केला आणि म्हणाला, “पावेल स्तेपानोविच.”

“पावेल स्तेपानोविच,” देवीदास म्हणाला. शब्द इकडचा तिकडे नाही.

रशियन साहेबाचे डोळे मोठे झाले. वर्षभर सगळा कारखाना त्याला पावसाहेब म्हणत होता.

मोठ्या साहेबांनी पेन्सिल टेबलावर आपटली. “आपण पुढे जाऊ या. तुम्हाला इथे का यायचं आहे?”

“आपण पुढे जाऊ या. तुम्हाला इथे का यायचं आहे? साहेब, मला...”

पण पुढचं कुणी ऐकलंच नाही. दुभाषी बोलून गेला होता आणि रशियन साहेब खुर्चीत मागे रेलला होता. हा प्रश्नही त्याला इथं कुणी विचारला नव्हता. नळी कुठे जोडायची, विटा केव्हा येणार, एवढंच सगळे विचारत. तो सावकाश बोलू लागला, दुभाषी मागोमाग सांगू लागला, आणि मोठे साहेब छताकडे पाहू लागले.

त्याचं गाव एका मोठ्या नदीच्या काठी होतं. हिवाळ्यात ती नदी गोठते. आधी काठ पांढरे होतात, मग मधली धार बारीक होत जाते, आणि एका सकाळी आवाजच बंद होतो. मग लोक नदीवरून चालत पलीकडे जातात. गाड्या जातात, घोडे जातात. त्याची लहान मुलगी पायाला लोखंडाची पट्टी बांधून तिच्यावर घसरते. इथे येताना ती त्याला म्हणाली होती, तिकडून थोडं ऊन पाठवा.

देवीदास गेला. शेड गेली, पंखा गेला, साकोलीच्या काकू आणि दिवाळीला सुटणारं घर गेलं. तो पांढऱ्या नदीवर उभा होता. त्याच्या पायाखाली पाणी होतं आणि ते वाजत नव्हतं. परत म्हणायचं त्याला आठवलं नाही. रशियन साहेब बोलायचा थांबला तरी तो तिथंच होता, आणि तिथूनच त्याने विचारलं, “मग मासे कुठे जातात?”

दुभाष्याने विचारलं.

“खाली,” रशियन साहेब हळू आवाजात म्हणाला. “वर बर्फ असतं, खाली पाणी वाहतच असतं. तिथे ते गप्प राहतात.”

“आमच्या शिवनाथीतही तसंच आहे, साहेब. उन्हाळ्यात पात्र सुकतं. मासे खोल डोहात जाऊन गप्प राहतात. पाऊस पडला की वर येतात.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर लोखंडावर घण पडत होते.

“इथे उमेदवार कोण आहे?” मोठे साहेब गरजले.

देवीदास माळावरून, नदीवरून, एकदम खुर्चीत येऊन पडला. आणि घाबरलेल्या माणसाला शिकवलेलंच आधी आठवतं. तो ताठ बसून म्हणाला, “इथे उमेदवार कोण आहे?”

दुभाष्याने तेही सांगितलं. रशियन साहेब हसायला लागला तो टॉवेल तोंडावर धरून.

“तुम्ही माझी चेष्टा करताय?”

“तुम्ही माझी चेष्टा करताय? नाही, साहेब.”

“पुरे! जा तुम्ही!”

“पुरे, जा तुम्ही,” देवीदास म्हणाला, उठला, आणि उभा राहिला.

मोठे साहेब वाट पाहत होते. देवीदासही वाट पाहत होता.

“जा म्हणालो ना!”

“जा म्हणालो ना. नंबर, साहेब?”

“कसला नंबर?”

“कसला नंबर? साहेब, नंबराशिवाय हलता येत नाही.”

शेवटी चपराशाने त्याला दंडाला धरून बाहेर उन्हात नेऊन उभं केलं. तिथं त्याला सगळं उमगलं.

परतीच्या पॅसेंजरवर भाऊराव ड्यूटीवर होते. त्यांनी त्याला आपल्या ब्रेकव्हॅनमध्ये बसवून घेतलं आणि दुर्ग येईपर्यंत सगळं काढून घेतलं. त्यामुळे देवीदास स्टेशनातून घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. पाणी भरायच्या वेळेला ती नळावर होती. पंजाबराव ड्यूटीवरून उतरले तेव्हा पॉइंट्समन दयाराम त्यांना म्हणाला, “आयकलं पंजाबराव, तुमच्या पोरानं साहेबाचीच मुलाखत घेतली म्हन्तेत. नापास केलं का पास?”

पंजाबराव घरी आले, हातपाय धुतले आणि मुलासमोर बसले.

“परत म्हनाले म्या सांगतलं होतं. पन नंबर मांगाले कोनं सांगतलं?”

“तुमीच तं सांगतलं बाबा. नंबराशिवाय लीवरले हात लावाचा नाही.”

“अरे, तिथं लीवर होता काय?”

देवीदासने विचार केला. “नव्हता.”

रत्नमालेने तोंडात पदर कोंबला आणि परसात पळाली. पंजाबराव मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “राहू दे. एकच काम येते मले, तेच तुले शिकवलं.”

दुसऱ्या दिवशी तुळसाबाईंनी आवराआवर सुरू केली. साकोलीच्या त्या घरात काय मावणार? पाटा-वरवंटा भाऊरावांच्या बायकोला, गयाबाईला दिला. लाकडी पलंग दयारामकडे गेला. शेळी क्वार्टरांच्या पलीकडच्या लाइनीत गेली. लोणच्याच्या बरण्या निघाल्या. दिवाळी अजून लांब होती, पण दुःख झालं की तुळसाबाईंना हातांना काम लागायचं, आणि हे काम त्यांना सापडलं होतं. देणं सोपं, ठेवणं अवघड, असं त्या म्हणत आणि डोळे पुसत.

आठवड्याभरात घर इतकं रिकामं झालं की बोललेलं घुमायला लागलं. देवीदासला आता परत म्हणायची गरजच उरली नव्हती. भिंतीच म्हणत.

आणि एका दुपारी कॉलनीत जीप शिरली. जीप म्हणजे पोलीस, अशी तेव्हाची समज. भाऊराव बनियनवरच बाहेर आले. जीपमधून तो दिल्लीकडचा दुभाषी उतरला.

“वो मछलीवाला लड़का किधर रहता है?”

“इधर मछली कोई नहीं बेचता, साहब,” भाऊराव छाती काढून म्हणाले. “सब रेल्वे के आदमी हैं.”

तेवढ्यात तुळसाबाई पुढे झाल्या. “देवीदासले न्याले आले काय? साहेब, लेकरू भोळं हाय हो. त्यानं मुद्दाम नाही केलं. याच्या बापानं शिकवलं. न्याचं असन तं बापाले न्या.”

पंजाबराव दारात आले आणि खरोखरच टोपी घालू लागले.

दुभाष्याला हसू आवरेना. मग त्याने जीपच्या पायरीवर बसून, बसलेल्या घशाने, सगळं सांगितलं. मुलाखती संपल्यावर रशियन साहेब हटून बसला होता. म्हणाला, वर्षभर मला सगळे यंत्रांबद्दल विचारतात, या मुलाने माझ्या नदीबद्दल विचारलं, हा मला पाहिजे. मोठे साहेब म्हणाले, तो वेडा आहे. रशियन साहेब म्हणाला, असेल, पण माझं नाव त्यालाच घेता येतं. दोन दिवस वाद चालला. शेवटी मोठे साहेब म्हणाले, घ्या. पण त्याला टेलिफोनवर बसवा. भट्टीवरून फोन येतात, ते ऐकून परत म्हणायचे आणि पुढे कळवायचे. तिथे त्याला काय परत म्हणायचं ते म्हणू दे, फक्त माझ्यासमोर आणू नका.

“नौकरी पक्की है,” दुभाषी म्हणाला. “क्वार्टर भी.”

पंजाबराव टोपी हातात घेऊन म्हणाले, “देवीदास, काय म्हटलं त्यानं? परत म्हन.”

देवीदासने तोंड उघडलं. शब्द निघाला नाही.

“मीच म्हनते,” तुळसाबाई म्हणाल्या. “क्वार्टर भी.” आणि तशाच त्या गयाबाईकडे वरवंटा परत मागायला गेल्या. गयाबाई म्हणाली, दिलेलं कुठं परत मागतात काय? त्यावरून त्या दोघींत जे झालं, ते सगळ्या लाइनीने ऐकलं. पलंग आला, शेळी आली, पण पाटा-वरवंटा काही परत आला नाही.

दिवाळीआधी ते भिलाईच्या नव्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. देवीदासची टेलिफोनची खोली कारखान्याच्या मध्यभागी होती, आणि तिला खिडकीच नव्हती. फोन इतके येत की तिथून कुठे निघून जायला मनाला फटच मिळत नसे. वर्षभरात तो असा माणूस झाला की भाताचा वास त्याला फाटकापासून यायचा, आणि घासलेट आणायला गेला तर घासलेट घेऊनच यायचा. रत्नमाला म्हणायची, “दादा बिघडला.”

पंजाबरावांचं मात्र भलतंच झालं. नव्या घराला व्हरांडा होता. पहिल्या दिवशी ते तिथं टेकले ते टेकलेच. साऱ्या आयुष्यात त्यांच्या हातावर कुणाची ना कुणाची गाडी होती. आता एकही नव्हती. माघात पहिली भट्टी पेटली आणि संध्याकाळी तिकडचं आभाळ लाल व्हायला लागलं. पंजाबराव त्याच्याकडे पाहत बसत. चहा निवून जाई. पाखरांना टाकलेले दाणे शेळी खाऊन जाई, तरी त्यांना पत्ता नसे.

“अवो, आयकता काय? केव्हाची हाका मारून राहिली,” तुळसाबाई म्हणायच्या. “काय दिसते तिकडं?”

“ढग,” पंजाबराव म्हणायचे. “लाल हायेत. चरत चालले.”

तुळसाबाई कपाळाला हात लावायच्या, आणि मग त्याही जरा वेळ शेजारी बसायच्या.

अशी आठ वर्षं गेली. पंजाबराव एकोणीसशे सहासष्ट साली, मार्गशीर्षात, एका संध्याकाळी त्याच व्हरांड्यात वारले.